बिनमिठाचं कारलं

सगळी गल्ली तिला भिंगरी म्हणायची आणि तिलाही ते पटलेलं होतं. भाजी निवडायला बसली तरी मध्येच तीनदा उठायची. नवरा अगदी उलट. कारखान्याच्या मेसमध्ये तो आचारी; तिथे अख्ख्या पाळीचा स्वयंपाक न बोलता उरकायचा. घरी आल्यावर तोंड उघडायचं ते मात्र खोड काढायला. मोहरी करपली, मीठ जास्त पडलं, वरण पळपळीत झालं. ती म्हणायची, तुम्हाला पगार स्वयंपाकाचा मिळतो, नावं ठेवायचा नाही.

मग त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास बरोबर घेऊन गेला. येईल परत, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो तसाच कामावर गेला आणि पहिल्याच दिवशी रश्श्यात दोनदा मीठ घालून बसला. मेसचा मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे सांगितलं, जीभ ठिकाणावर आली की या. पण मी फार थांबू शकणार नाही.

आता ताटात काहीही वाढलं तरी तो निमूट जेवायचा आणि म्हणायचा, छान आहे. ते ‘छान’ ऐकलं की भिंगरी आपल्या ताटावरून उठायची.

शेजारच्या नर्सबाईंनी सांगितलं, त्यांच्या एका पेशंटला सगळ्यात आधी कडू कळायला लागलं होतं. भिंगरी त्याच संध्याकाळी बाजारातून कारली घेऊन आली. ती फिकट, पाणचट निघाली. नवऱ्यानं खाऊन मान हलवली. तेव्हा नर्सबाईंनी आपल्या घरचं बी दिलं. याची कारली बोटाएवढीच, पण मेल्या जिभेलाही जाग येईल अशी, म्हणाल्या.

आता बी पेरून गप्प बसायचं असतं. पण गप्प बसेल ती भिंगरी कसली? रोज माती उकरून बघायची, मोड आला का. उकरता उकरता दोन कोंब नखानं तुटले. उरलेल्या बिया पेरल्या तेव्हा नवऱ्यानं कुंडीवर चाळणी पालथी घातली आणि वर वीट ठेवली. देवापुढे दिवा लावताना ती आणखी काही मागायची नाही, एवढंच म्हणायची, मला थांबायची बुद्धी दे.

वेल मागच्या दारच्या दोरीवर चढला. पिवळी फुलं आली आणि गळून गेली, तिचा जीव टांगणीला लागला. नर्सबाई हसल्या. ही नराची फुलं, मादीचं फूल पाठीमागे इवलंसं कारलं घेऊनच येतं, म्हणाल्या. ते आलं तेव्हा मधमाश्यांची वाट न बघता भिंगरीनं सकाळीच नराचं फूल तोडून त्यावर हलकेच टेकवलं. कारली धरली. हिरवीगार, काटेरी, बोटाएवढी.

मूठभर झाली तशी तिनं तोडली. चकत्या केल्या, मीठ चोळलं. नवरा अंघोळीला गेला होता आणि तिचे हात काही स्वस्थ राहीनात. पिळल्या, पाणी ओतलं, पुन्हा मीठ लावलं, पुन्हा पिळल्या. बंबाशी त्याचा तांब्या वाजत होता तोवर ती पिळतच होती. मग कांद्याबरोबर तेलात खरपूस परतल्या आणि ताट वाढून समोर उभी राहिली.

त्यानं घास चावला, गिळला. म्हणाला, “लागलं. चांगलं कडू लागलं.”

भिंगरी मटकन खाली बसली. तो म्हणाला, उद्या कामावर जातो. तिनं मनातल्या मनात हात जोडले. मग कढईतली उरलेली भाजी आपल्या भातावर घेतली आणि पहिल्याच घासाला थांबली. कांदा लागला, तेल लागलं, मीठ लागलं. कडूचा मागमूस नव्हता.

“अहो,” ती म्हणाली, “यात कडू उरलेलंच नाही. सगळं मी पिळून मोरीत घालवलं.”

तो पाठमोरा हात धूत राहिला.

“तू एकदा खाली बसावंस म्हणून म्हटलं.”

“आणि उद्या मेसमध्ये काय म्हणणार होतात?”

ती उठली, तरातरा वेलापाशी गेली. मागे राहिलेली दोन कारली तोडली, किसली आणि फडक्यातून रस काढला. मीठ नाही, काही नाही. एका वाटीत रस, दोन वाट्यांत पाणी. त्याला मागच्या पायरीवर बसवून डोळ्यांवर पंचा बांधला. आता तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि त्याला ते कळत होतं. त्यानं मुकाट्यानं बांधून घेतलं.

तिनं पहिली वाटी दिली. “पाणी,” तो म्हणाला.

दुसरी दिली. त्यानं घोट घेतला. मग त्याचा चेहरा असा आक्रसला की पंचा घसरून नाकावर आला. त्यानं तोंडातलं सगळं वेलाच्या मुळाशी थुंकलं.

“अगं, हे काय पाजतेस माणसाला? मीठ लावून ठेवायला काय झालं होतं?”

किती दिवसांनी त्यानं खोड काढली होती. तिनं ती वाटी त्याच्या हातातून ओढून स्वतःच्या तोंडाला लावली. कडूजहर होती. डोळ्यांत पाणी आलं ते कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“आता बस की जरा,” तो म्हणाला.

पण मीठ? कडू कळलं, मीठ कळतं का? रश्श्यात कारलं थोडंच घालायचंय. वाट्या पायरीवर ठेवून भिंगरी आत पळालीसुद्धा. फळीवरून मिठाची बरणी काढता काढता तिथूनच तिनं बजावलं, पंचा सोडू नका.