सम तारखेची बाळं

मो युएलान आमच्या तालुका इस्पितळात तीस वर्षं बाळंतपणं करत आल्या. नोव्हेंबरात त्यांना पंचावन्न पुरी होणार होती. वरचं पद मिळालं तर आणखी पाच वर्षं, नाहीतर घरी. त्या पदासाठी नावाजलेल्या नियतकालिकाने एक शोधनिबंध स्वीकारायला हवा. मुदत ऑगस्टअखेर, आणि हा त्यांचा शेवटचा प्रयत्न.

आमच्या डोंगरात हिवाळ्यात भिंतींनाही पाझर फुटतो. कमी वजनाचं बाळ जन्मताच गार पडतं. मो डॉक्टर अशा बाळांना गळ्यापर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालू लागल्या आणि बाळं उबदार राहू लागली. त्यावर लिहिलेला पहिला निबंध परत आला. ‘तुलनेसाठी पिशवीविना ठेवलेली बाळं कुठे आहेत?’

मग दोन हिवाळे त्यांनी तुलना केली. विषम तारखेच्या बाळाला पिशवी, सम तारखेच्या बाळाला नुसतं दुपटं. एकूण दोनशे बारा बाळं. या वेळी निबंध संपादकांना पसंत पडला. फक्त एक विचारणा होती: या प्रयोगाला इस्पितळाच्या नीतिसमितीने परवानगी कधी दिली? क्रमांक आणि तारीख बारा दिवसांत कळवा.

परवानगी घेतलीच नव्हती. ती घ्यावी लागते हेच बाईंना ठाऊक नव्हतं. समितीचा चिटणीस मी. वही आणि शिक्का माझ्या कपाटात.

अधीक्षक छिन म्हणाले, “लाओ थान, तुझ्या वहीत एखादी ओळ मोकळी असेलच की! सोळा क्रमांकाच्या परवानगीखाली सतरा लिही. बाई गेल्या तर बाळंतपणं काय तू करणार?”

वर्ष संपलं की मोकळ्या ओळींवर मी तिरपी रेघ मारतो. प्रयोग सुरू झाला त्या वर्षीची तळाची एक ओळ नेमकी सुटली होती.

तारीख जुळवायला मी बाळांचा तक्ता मागवला. अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत माझ्या सुनेचं नाव होतं. चौदा जानेवारी. नातीचे ओठ दोन दिवस निळे होते ते मला आठवलं.

बारा दिवसांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मो डॉक्टर आल्या. बसल्या नाहीत.

“मारणार ना शिक्का?”

“डॉक्टर, माझी नात चौदा तारखेची.”

“माहीत आहे. पिशवी माझ्या खिशातच होती. तारीख सम होती म्हणून काढली नाही.”

“सुनेला विचारलं होतं?”

“कुणालाच नाही विचारलं. विचारलं असतं तर कोण हो म्हणालं असतं?” त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. “आता तरी मारा, लाओ थान. नाहीतर तुमच्या नातीने सोसलेली ती थंडी फुकट जाईल.”

मी शिक्का बाहेर काढला. शाईची डबीही उघडली. मग पट्टी घेतली आणि त्या ओळीवर रेघ मारली.

“आता?” त्यांनी विचारलं.

“खरं ते लिहा.”

“खरं लिहून काय मिळणार आहे मला?”

तरी त्यांनी लिहिलं. उत्तर तीन ओळींचं आलं: निबंध स्वीकारता येत नाही. नोव्हेंबरात त्या गेल्या. सुनेला अजून मी काही सांगितलेलं नाही.

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. अडलेल्या बाईला आता शहरात पाठवतात. रुग्णवाहिकेत मो डॉक्टरांनी ठेवून दिलेला पिशव्यांचा गठ्ठा असतो. घाट उतरायला अडीच तास लागतात.