तिसऱ्या हाकेची आत्या

माझ्या आत्याइतकी भित्री बाई पनवेल तालुक्यात दुसरी झाली नसेल, आणि झालीच असेल तर ती दाराआड लपल्यामुळे आपल्याला दिसलेली नाही. पाल, वीज, लिफ्ट, फोटोतले डोळे, सगळ्यांना ती भ्यायची. पण सगळ्यांत जास्त हाकामारीला. ही बया म्हणे ओळखीच्या आवाजात दाराबाहेरून हाक मारते, आणि तुम्ही ओ दिलीत की संपलात. म्हणून पहिल्या दोन हाकांना आत्या ओ द्यायचीच नाही. तिसरीला आतून परीक्षा घ्यायची. मी भर उन्हात कोलंबीची पिशवी घेऊन घामाघूम उभा, आणि आतून प्रश्न, "माज्या डाव्या पायाला काय हाय?" "तीळ गं आत्या, तीळ! उघड आता!" तेव्हा कुठे कडी निघायची. खुद्द आतोबांची, तिच्या नवऱ्याची, यातून सुटका नव्हती.

विमानतळासाठी गाव उठलं. घर पडण्याआधी मी मोबाईलवर आतोबांचा व्हिडिओ काढला. त्यात ते ओटीवरून हाका मारताहेत, "अगो, दार उघड!" आणि आतून आत्याची ओ काही येत नाही. पुढच्या वर्षी आतोबा गेले. तो व्हिडिओ आणि घराचे फोटो आत्याच्या ऑनलाइन खात्यात होते. माझा जुना फोन खाडीत पडल्यापासून दुसरी प्रत नव्हती. नव्या फ्लॅटमध्ये आत्या फोटो रोज बघायची, व्हिडिओला मात्र हात लावायची नाही. "गेलेल्या मान्साची हाक ऐकू नये रे," म्हणायची.

त्या खात्याला मी दुहेरी कुलूप लावलं होतं. नव्या ठिकाणाहून कोणी पासवर्ड घालून ते उघडू लागलं, की आत्याच्या फोनवर प्रश्न यायचा: तुम्हीच आहात का? होय की नाही?

एका दुपारी मी न्हावा शेव्याच्या ऑफिसात कागदांत बुडालेलो असताना आत्याचा फोन आला. "अरे, ह्यो इचारतोय तुमीच का म्हनून. दोनदा झालं, मी आपली गप."

"अगं, होय दाब आणि मोकळी हो!" मी खेकसलो.

"थांब, तिसऱ्यांदा इचारतोय. आत तू शिरतोस का?"

"नाही गं."

"मी तर कांदा चिरतेय. मग दाराशी कोन हाय?"

पासवर्ड कोणा परक्याच्या हाती लागला होता. फक्त आतली कडी उरली होती, आणि मी शहाणा तीच काढायला सांगत होतो!

"आत्या, नाही दाब! कितीदा आलं तरी नाहीच!"

"दाबलं. मेल्यानं चौथी मारली रे!"

ट्रेलरांच्या रांगेतून पनवेल गाठेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. दाराशी तिळाची परीक्षा दिली, आधी पासवर्ड बदलला, मग दुसरं कोणी आत नाही ना ते तपासलं. आत्या खांद्यामागून विचारत होती, "ते हायत ना रे?"

फोटो होते. व्हिडिओ धड आहे का हे कळायला तो लावावाच लागणार होता. मी तिच्याकडे बघितलं. तिने पदर तोंडाशी धरला आणि होकारार्थी मान डोलावली.

ओटीवरून आतोबांनी हाक मारली, "अगो, दार उघड!"

पहिल्याच हाकेला आत्या म्हणाली, "ओ, आले."