नानांच्या गाडीची मागची सीट

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सीझन काढलेल्या माणसाच्या स्वेटरवरची रुई कधीच पुरती निघत नाही. झटका, धुवा, उन्हात टाका. पुढच्या हिवाळ्यात पेटीतून बाहेर काढला की कॉलरखाली दोन पुंजके असतातच! आमच्या केंद्रावरचे किस्से तसेच चिकटलेत. मित्र जमले की मी सांगतो, ते हसतात, मीही हसतो. फक्त नानांच्या गाडीचे किस्से निघाले की मला शेवटपर्यंत हसणं जमत नाही. तरी सांगतो.

तेव्हा कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, खरेदी केंद्र कधी उघडेल आणि कधी बंद पडेल याचा नेम नाही, त्यामुळे उघडलं की गेटबाहेर बैलगाड्यांची ही लांब रांग. आमचं केंद्र दारव्ह्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर, एका जिनिंगच्या आवारात. मी काट्यावर, म्हणजे वजन करायला. शेखभाई जिनिंगचे फिटर. आणि नाना ग्रेडर, कापूस पाहून त्याची प्रत ठरवणारे. नानांनी हात लावल्याशिवाय एकही गाडी आत जात नसे, आणि नाना, माझ्यासारखेच, दारव्ह्याहून यायचे काळ्यापिवळ्या जीपने. ती जीप माणसांनी गच्च भरल्याशिवाय जागची हलत नसे.

डिसेंबर लागताच एकदा नाना आठऐवजी साडेनऊला पोचले. रांगेतला एक म्हातारा शेकोटीजवळ बसला होता. रात्रभर थंडीत काढलेली. नानांना पाहून तो उठला. बाजूला सरकला आणि नानांना शेकायला जागा करून दिली.

"शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं," नाना मला नंतर म्हणाले. "गाडी घ्या लागते आता."

गाडी घ्यायला दुसरंही कारण होतं, ते नानांच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं. वहिनींचा उजवा गुडघा पार गेलेला. जीपची पायरी त्यांना चढता येत नसे. माहेर दारव्ह्यापासून जेमतेम दहा किलोमीटर, तिथे त्यांची आई, डोळ्यांनी दिसत नसलेली. हिवाळा लागला की ती येणाऱ्याजाणाऱ्याजवळ निरोप धाडायची, तुरीच्या शेंगा भरल्या म्हणून सांगा माझ्या पोरीला. वहिनी गेलं वर्षभर गेल्या नव्हत्या.

म्हणजे बजेट जुन्या गाडीचं, आणि गाडीकडून अपेक्षा पाच! थंडीत सुरू व्हावी, काळ्या मातीतून निघावी, पेट्रोल कमी प्यावं, बाजाराची थैली न्यावी, आणि मागे माणूस बसावा. मागे माणूस बसावा, हे नानांनी सांगितलं होतं. कोण, ते आम्ही विचारलं नाही.

*

नानांची वस्तू पाहायची रीत ग्रेडरची होती. गाडीतला वरचा कापूस ते पाहतच नसत. वरचा माल कोणीही चांगलाच ठेवतो. ते बाजूने कोपरापर्यंत हात खुपसायचे, खालचा कापूस मुठीत धरून दाबायचे आणि मूठ उघडायचे. फुलला तर कोरडा, गोळा राहिला तर ओला. घरी भाजीवाल्याच्या पोत्यातही असाच हात जायचा.

दारव्ह्यात जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे आम्ही तिघं गेलो. त्याने पुसून चकचकीत केलेली मोटारसायकल पुढे आणली. नानांनी टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातला रुमाल जमिनीवर अंथरला, त्यावर डोकं टेकलं आणि गाडीखाली आडवे झाले. पाच मिनिटं बाहेर आले नाहीत. नुसता हात यायचा, काळा झालेला, आणि परत आत जायचा.

दुकानदार मला हळूच म्हणाला, "काका गाडी घेऊन राह्यले का ऑपरेशन करून राह्यले?"

नाना खालूनच म्हणाले, "पेशंट गेलेला हाये बापू."

*

शेखभाईंची परीक्षा वेगळी. ते म्हणायचे, हिवाळ्यातली गाडी दुपारी पाहायचीच नसते, गरम इंजिन कोणाच्याही लाथेने सुरू होतं. पाहायची तर पहाटे, गार असताना.

म्हणून एका रविवारी आम्ही सकाळी सहाला एका कम्पाउंडरच्या दारात उभे. मफलर, कानटोप्या, तोंडातून वाफा. तो डोळे चोळत बाहेर आला. गाडी पहिल्या किकला सुरू! मी खूश. शेखभाईंनी मात्र गाडी बंद करायला लावली, हातमोजा काढला आणि इंजिनावर तळवा ठेवला.

"गरम काहून हाये?"

कम्पाउंडर म्हणाला, "मांजर बसलं होतं रात्री."

शेखभाईंनी हातमोजा परत चढवला. "मांजरच घेऊन जातो मंग. गाडीपेक्षा बरं दिसते."

*

मध्ये नानांनी सायकलचाही विचार केला. खर्च नाही, पेट्रोल नाही. कोणाची तरी मागून आणली आणि एका सकाळी दारव्ह्याहून निघाले. वारा समोरचा. आठच्या आत पोचले, हे खरं. मिशांवर दव होतं, नाक लाल झालेलं.

पहिल्या गाडीत हात घातला, कापूस काढला, मूठ दाबली, उघडली. परत दाबली. डाव्या हाताने पाहिलं. सगळी रांग त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बोटं इतकी बधिर झाली होती की कापूस ओला की कोरडा, काहीच कळेना! ग्रेडरची बोटं गेली तर राहिलं काय?

गाडीवाल्याला म्हणाले, "थांब रे दहा मिनिटं. मी आलो, हात अजून रस्त्यानं येऊन राह्यले."

सायकल त्याच संध्याकाळी परत गेली.

*

आणि मग ती मोपेड. हा किस्सा मी फार कमी वेळा सांगतो.

एका निवृत्त मास्तरांची होती. हलकी, बुटकी, सीट गुडघ्याच्या जरा वर. नाना ती पाहायला आणि दाखवायला म्हणून घरी घेऊन आले होते, मी तिथेच होतो. वहिनी आतून हात पुसत आल्या. कोणी काही म्हणायच्या आत पदर सावरला आणि मागच्या सीटवर बसल्या. टेकू नाही, हात नाही. बसल्या आणि उगाच हँडलकडे बघत राहिल्या. नंतर माझ्याकडे बघून हसल्या.

"भाऊजी, कशी हाये?"

मी गाडीभोवती फेरी मारली. तज्ज्ञाच्या थाटात टायर दाबला. म्हणालो, "वहिनी, ही गावातल्या गावात ठीक. केंद्रावर जायला नाही. दोघं बसलो तर चढावर ओढणार नाही."

शेखभाईंनीही संध्याकाळी तेच सांगितलं, पण त्यांनी इंजिन पाहून सांगितलं. मी 'दोघं' म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात नाना आणि मी होतो. जीपच्या मागे लोंबकळून मलाही कंटाळा आला होता. नानांची गाडी आली की माझी सोय होणार होती, हे मी केव्हाच धरून ठेवलं होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. लबाडी त्यांना मुठीत कळायची, माझी कळली नसेल असं मला वाटत नाही.

मोपेड मास्तरांकडे परत गेली.

*

शेवटी मोटारसायकल मिळाली. पहाटे गार इंजिनावर सुरू झाली, खालून-वरून-आतून नानांच्या हाताखाली पास झाली, शेखभाईंनी मान हलवली. दणकट, उंच गाडी. मागे बसून मी एक फेरी मारली आणि सीट एक नंबर असल्याचं जाहीर केलं.

तीन माणसांनी महिनाभर गाड्या पाहिल्या. कार्बोरेटर पाहिला, चेन पाहिली, टाकीत नाक घालून वास घेतला. सीट जमिनीपासून किती उंच आहे, ते एकानेही पाहिलं नाही. म्हणजे वरचा माल तेवढा पाहायचा राहिला!

*

उरलेला हिवाळा आम्ही दोघं त्या गाडीवर. नाना पुढे, मी मागे. नाना छातीवर वर्तमानपत्र घालायचे, वर स्वेटर. मी म्हणालो, केंद्रावर एवढा कापूस पडलाय, दोन मुठी स्वेटरात भरा की. नाना म्हणाले, "तो मोजलेला हाये." आणि दुसऱ्या दिवशी घरच्या जुन्या उशीतला कापूस भरून आले. छाती अशी फुगलेली की रांगेतले लोक फौजदार समजून उठून उभे राहिले!

बोटं बधिर होऊ नयेत म्हणून शेखभाईंनी हँडलला बारदानाच्या दोन खोळी शिवून दिल्या. त्यात हात मस्त जायचा, पण पटकन निघायचा नाही. तिसऱ्या दिवशी समोर बकरी आली. नाना ब्रेक शोधत राहिले आणि आम्ही दोघं तुरीच्या वावरात. लागलं काही नाही. नानांनी पडल्या पडल्या हाताजवळची एक शेंग तोडली, दाबून पाहिली.

"भरल्या," म्हणाले. मग उठून कपडे झटकताना म्हणाले, "हिले न्या लागते एकदा."

मी पाठीवरची माती झटकत 'हो हो' म्हणालो.

*

वहिनी त्या गाडीवर एकदा बसल्या, बाजाराच्या दिवशी. घराच्या ओट्यावरून सरळ सीटवर. छान बसल्या. बाजारात नानांनी त्यांना कसंबसं उतरवून घेतलं. अडचण आली परतताना, कारण बाजारात ओटा कुठे? एका हातगाडीवाल्याने गाडा लावून पाहिला, तो सरकला. लोक जमले. वहिनींनी नको म्हटलं.

मी चौकातल्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. पाहतो तर नाना गाडी ढकलत येताहेत, हँडलला भाजीची थैली, आणि मागून चार पावलांवर वहिनी, गुडघ्यावर हात ठेवत. मी मोठ्याने विचारलं, "काय नाना, पेट्रोल संपलं का?"

टपरीवरचे सगळे हसले.

नाना म्हणाले, "हो."

मी उठून बाटलीभर पेट्रोल आणतो म्हणालो, तर त्यांनी हातानेच नको केलं आणि तसेच पुढे गेले. नंतर शेखभाईंशी बोलताना मला समजलं की टाकी आदल्याच दिवशी भरली होती.

*

दुसऱ्या दिवशी नानांनी जाता जाता मला एक काम सांगितलं. गाडीला डाव्या बाजूला एक खालची पायरी वेल्ड करून पाहिजे, शेखभाईंना सांग. नाना दिवसभर आवारात गाड्यांमागे, शेखभाई इंजिनच्या खोलीत. तिथे नानांना जायला वेळ नसे. माझा काटा बरोबर मध्ये.

"सांगतो," मी म्हणालो.

आणि विसरलो. मुद्दाम नाही. रांग मोठी होती, काटा अडकत होता, दुपारी शेखभाई जेवायला गेलेले असायचे. आठवडाभराने नानांनी विचारलं, बोलला का? मी म्हणालो, आज सांगतो. नाना एक गोष्ट तिसऱ्यांदा विचारणारे नव्हते. मी रोज सकाळी त्याच सीटवर बसायचो, त्याच उंच सीटवर उडी मारून, नानांच्या पाठीआड. वारा सगळा त्यांना. मला ऊब यायची आणि पेंगही यायची. पायरीची आठवण मात्र यायची नाही.

सांगितलं मी, माघ अर्धा सरल्यावर. शेखभाई काम टाकून उभे राहिले. "अर्ध्या घंट्याचं काम, सुधाकरभाऊ. तुमी आज सांगून राह्यले? उद्या सकाळी गाडी आणाले सांगा, पैले तेच करतो."

संध्याकाळी परतताना मी नानांना ते मोठ्या उत्साहाने सांगितलं. नाना म्हणाले, "बरं झालं." रविवारी वहिनींना घेऊन जाऊ म्हणाले. घरापर्यंत ते गाणं गुणगुणत होते. नानांना गुणगुणताना मी तेव्हा एकदाच ऐकलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या कोपऱ्यावर उभा होतो. छातीवर वर्तमानपत्र, कानटोपी, डबा. धुकं होतं. गाडीचा आवाज ओळखीचा, म्हणून डबा बगलेत घेऊन मी रस्त्याच्या कडेला सरसावलो.

गाडी आली. नाना पुढे, स्वेटर नाही, नुसता सदरा. मागे वहिनी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर स्वयंपाकघरातला लाकडी स्टूल, त्याच्या पायाला कापसाच्या गठाणीची सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत. जिथे ओटा नाही तिथे स्टूलावर चढून बसायचं आणि मग सुतळीने तो वर ओढून घ्यायचा. पायरी नको, वेल्डिंग नको, शेखभाई नकोत. घरातल्या घरात पाच मिनिटांचं काम.

नानांनी गाडी थांबवली, बंद केली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज जीपनं जाजो. शेखभाईले सांगजो, पायरीचं राहू दे. सासूबाई गेल्या पहाटे."

मी काहीतरी बोलायला पुढे झालो. बगलेतल्या डब्याचं काय करावं ते कळेना. वहिनींनी वरून माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाज रोजचा, चहा देतानाचा.

"आज तुमची जागा घेतली म्या, भाऊजी."