आवाजाशिवायची प्रार्थना

प्रार्थनेला बसावं आणि मनात शब्दच येऊ नयेत, अशी वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. धुळ्यात शाळेत शिकवता शिकवता माझी हयात गेली. दिवसा शाळा, संध्याकाळी घरी शिकवण्या, शनिवारी चर्चच्या गायनमंडळाची तालीम, रविवारी उपासना आणि मुलांचा वर्ग. सगळीकडे माझाच आवाज. गेल्या हिवाळ्यात तो बसला, तो सुटेचना. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. घशात गाठ आहे म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवला. "रिपोर्ट येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही," अशी ताकीद मिळाली.

मी गप्प झाले, मन मात्र गप्प होईना. भेटायला येणारे सगळे म्हणत, प्रभूवर भार टाका. मी मान हलवायची. आत एकच प्रश्न घुमत राहायचा: हा आवाज परत आलाच नाही, तर मी कुणाच्या काय उपयोगाची? देव माझं ऐकतो आहे का, याचीही शंका येऊ लागली होती. आमचे हे एरवी फार बोलत नाहीत. एका सकाळी चहा देताना म्हणाले, "थोडे दिवस अक्कांकडे राहून ये. इथं तुझ्यानं स्वस्थ बसवणार नाही."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात राहते. मी गेले तेव्हा मोहाची झाडं फुलली होती. साऱ्या शिवारात गोडसर, जड वास भरून राहिला होता, झोपेतही तो यायचा. दिवस कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळू नये, असं तिथलं जगणं. तरी रिपोर्टच्या वाटेनं माझा जीव फोनकडे लागलेला असायचा.

एका पहाटे मला राहवलं नाही. अक्का उठायच्या आधीच मी बाहेर पडले आणि पाय नेतील तिकडे चालत सुटले. आभाळात फिकट चंद्र होता, झाडं नुसती सावल्यांसारखी उभी होती. कोरड्या ओहोळात उतरताना दगड सरकला, पाय मुरगळला आणि मी खाली बसले. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन घरीच राहिला होता. कुणाला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. डॉक्टरांची ताकीद मोडायचीही तयारी होती. पण घशातून नुसती हवा आली.

तेव्हा मी खरी घाबरले. प्रार्थना करायला गेले, तर इतकी वर्षं पुढे उभी राहून म्हटलेल्या प्रार्थनांतली एकही ओळ आठवेना. मी डोळे मिटले आणि फक्त हात पुढे केले. त्यात मागणंसुद्धा नव्हतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. आजूबाजूला मोहाची फुलं पडत होती, टप, टप. मग पावलं वाजली. डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी बाई माझ्यासमोर उभी होती.

"काय व्हयनं, माय? पाय मुरगळना का?"

मी घशाकडे बोट केलं, मान हलवली.

"बोलता येत नही? ऱ्हाऊ दे मंग." तिनं टोपली खाली ठेवली, माझा पाय मांडीवर घेतला, पदराचा काठ टर्रकन फाडून घोट्याला घट्ट बांधला. बांधता बांधता म्हणाली, "मी रोज तिकडला झाडजोडे जास. आज आठे कसी उनू, माले माहित नही." रोजचं झाड सोडून आज इकडे कशी आली, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती पुसली नाही, कारणही विचारलं नाही. "ऊन चढाना पहिले फुलं येची लेऊत. मंग तुले घर पोचाडसू," म्हणाली आणि वेचायला लागली. मीही बसल्या जागी हाताशी येतील ती फुलं वेचू लागले. ओलसर, फिकट, बोटांना चिकटणारी. रिपोर्ट, शाळा, उद्या, सगळं कुठेतरी दूर राहिलं. समोर एक फूल होतं, मग त्याच्या शेजारचं. मला वाटलं, कुणीतरी तिसरंही आमच्यात बसलं आहे आणि त्याला माझ्याकडून काहीच नको आहे.

ऊन आल्यावर तिनं मला खांदा देत अक्काच्या दारापर्यंत आणलं. अक्का पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात म्हातारी निघूनही गेली. पलीकडच्या पाड्यावरची असेल, अक्का म्हणाली. पुन्हा ती दिसली नाही.

रिपोर्ट चांगला निघाला. गाठ साधी होती, काढून टाकली. बोलणं परत आलं, गाणं मात्र आलं नाही. वरचा सूर लागतच नाही. शिकवण्या मी बंद केल्या, गायनमंडळ दुसऱ्या बाईंकडे सोपवलं. आता सकाळी उठले की प्रभूला एवढंच विचारते, आज कुणाजवळ बसू? कधी एखादी आजारी शेजारीण असते, कधी वर्गात मागे पडलेली मुलगी. दिवसाला तेवढं पुरतं. उरलेलं मी त्याच्या हाती सोडून देते, आणि सोडवत नाही तेव्हा तेही त्याला सांगते.

रविवारी मी आता मागच्या बाकावर ह्यांच्याशेजारी बसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उपासनेत मी कायम पुढे असायचे, हे मागे. ह्यांचं गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं. अगदी बेसूर गातात, डोळे मिटून, एकही शब्द न चुकता. मी ऐकत राहते आणि मनात म्हणते, प्रभो, तुझे आभार.