ब्रेकबाईंचं ठरलेलं उत्तर

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो; त्या जादा ब्रेकवर बाईंनी एकोणीस वर्षं पाय ठेवला होता. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात आणि सगळ्यांचा जीव बाईंच्या पायात. त्या पायाला इतकी सवय जडली होती की नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसल्या तरी वळण आलं की पाय दाबायच्या, आणि टीव्हीत कुणाची गाडी जोरात निघाली तर सोफ्यावरूनसुद्धा. चपला शिवणारा दर वेळी विचारायचा, "बाई, तुमची एकच चप्पल कशी हो झिजते?"

खरं तर बाईंना बस चालवायची होती. जड वाहनांचं लायसन्स त्यांनी माहेरीच काढलं होतं, आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी बस डेपोतून चाचणीचं पत्रही आलं होतं. बाईंनी ते वाचलं, घडी घालून कपाटात कपड्यांखाली ठेवलं, आणि आज विचारू, उद्या विचारू करता करता तारीख उलटून गेली. पुढे कुणीही विषय काढला की उत्तर ठरलेलं, "सासूबाईंना पटलं नसतं हो." समोरचा माणूस समजून उमजून मान हलवायचा. सासूबाई हे असं कारण आहे की त्याची उलटतपासणी कुणी घेत नाही. लायसन्स मात्र त्या मुदत संपली की गुपचूप नवं करून आणत. कशासाठी, हे स्वतःलाही विचारत नसत.

त्या दिवशी सकाळच्या तासाला दाताचे डॉक्टर होते. परक्याच्या जबड्यात बिनधास्त हात घालणारा माणूस, पण स्टिअरिंगपुढे घामाघूम. सासूबाईंना चष्म्याच्या दुकानात सोडायचं होतं, म्हणून त्याही मागच्या सीटवर बसल्या होत्या. सिग्नलला पुढे बस उभी होती आणि तिच्या पाठीवर पाटी होती. डॉक्टरांनी ती मोठ्यानं वाचली, "चालक पाहिजेत. वयोमर्यादा पंचेचाळीस." मग म्हणाले, "बाई, तुम्ही का नाही हो बसवर गेलात?"

"हौस खूप होती. पण सासूबाईंना पटलं नसतं," बाई सवयीनं बोलून गेल्या आणि मग त्यांना आठवलं, मागे कोण बसलंय.



"डॉक्टर," मागून आवाज आला, "गाडी बाजूला घ्या."

डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी एका दमात बाजूला लावली.

"मला कधी विचारलं होतंस गं?"

गाडी उभी होती, तरी बाईंनी ब्रेक दाबला.

"बावीस वर्षं माझ्या नावावर बिल फाडतेस होय? तरीच तुझी मावशी भेटली की माझ्याकडे अशी बघते!"

"पण आई, तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"म्हणालेही असते. तेव्हा माझं डोकंच तसलं होतं. पण मला म्हणायला तरी द्यायचंस!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंची भीती कधी नव्हतीच. भीती होती नापास होण्याची. एवढं धूड आपल्याच्यानं वळलं नाही, चारचौघांत हसं झालं, तर? त्यापेक्षा सासूबाई बऱ्या. त्या आयत्याच घरात होत्या.

"चुकलं माझं, आई. मी घाबरले होते," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं होतं, तेही दाताच्या डॉक्टरांसमोर.

"मग आता?"

"आता काय? चव्वेचाळीस पूर्ण होऊन दहा महिने झाले."

"म्हणजे दोन महिने आहेत," सासूबाईंनी हिशेब मिटवला. "डॉक्टर, चष्मा राहू द्या. डेपोकडे घ्या."

"मला तिकडे ट्रॅफिकमध्ये जमायचं नाही हो!"

"हिला विचारून बघा. ही कारण शोधून देईल," सासूबाई म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी निमूट गाडी काढली.

तीन आठवड्यांनी चाचणी झाली. तपासनीस वही घेऊन बसमध्ये चढले, तर बाई आधीच येऊन बसलेल्या, पाठ ताठ, पाय पुढे. तपासनीसांनी बाईंकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे.

"आता वाट कुणाची बघायची?"

"ड्रायव्हरची," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी कानशिलं तापली. एकोणीस वर्षांच्या सवयीनं त्या थेट शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. दार दोन पावलांवर होतं आणि घरी सांगायला कारणही तयार होतं, आता वय राहिलं नाही. पण घरी ऐकणारी कोण आहे, हे आठवलं आणि त्या मुकाट्यानं उठून स्टिअरिंगमागे बसल्या.

पहिली फेरी म्हणजे फजितीच होती. कागद उडाला, दाबला ब्रेक. चिमणी बसली, दाबला ब्रेक. तपासनीसांची पेन्सिल तीनदा सीटखाली गेली.

"बाई, मैदान रिकामं आहे," ते वैतागून म्हणाले. "कुणाला वाचवताय?"

बाईंनी शेजारी पाहिलं. शिकणारं कुणी नव्हतं. जे चुकायचं ते आता त्यांचं स्वतःचंच चुकणार होतं, आणि गंमत म्हणजे हे कळल्यावर पाय सैल पडला. दुसऱ्या फेरीत बस अशी वळली की तपासनीस पेन्सिल हातात धरायचीच विसरले. बाई पास झाल्या. नवरा म्हणाला, "चला, आता माझी स्कूटर तरी सुखानं धावेल."

पहिल्या दिवशी सासूबाई नवा चष्मा लावून अगदी पुढच्या सीटवर. बस सुटायच्या आत त्यांनी शेजारणीला सांगितलं, मग मागच्या दोन रांगांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, "ड्रायव्हर माझी सून बरं का. मी बावीस वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, जा. हीच ऐकेना!"

बाईंनी आरशात पाहिलं. सासूबाई बिनदिक्कत त्यांच्याकडेच बघत होत्या.

"हो ना," बाई सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "मीच ऐकलं नाही." आणि त्यांनी बस काढली.