बिब्ब्याचा विमा

चहा घ्या, पण मी सांगते तेव्हा घोट तोंडात ठेवू नका, सांडेल. ही माझ्याच फजितीची गोष्ट आहे आणि ती मी माझ्याच तोंडानं ओढवून घेतली.

बिब्बा म्हणजे आमचा कुत्रा. बिब्ब्यासारखा काळाकुट्ट, म्हणून बिब्बा. आमचं गाव धानोऱ्याकडचं, घर संपलं की जंगल. मोहफुलं वेचायला मी पहाटे निघायचे, तर माझ्यापुढे बिब्बा. कारण फुलं अस्वलालाही आवडतात ना! मागच्या हंगामात अस्वलानं बिब्ब्याची मांडी फाडली. टाके, इंजेक्शनं, गाडीभाडं. दोन बकऱ्या विकल्या, तेव्हा तो उभा राहिला. आता पुन्हा मोह गळायला आला आणि माझी झोप उडाली. पुन्हा तसंच झालं तर? विकायला एकच बकरी उरली होती.

माझी पोरगी सुजाता नागपूरला नर्स आहे. ती फोनवर म्हणाली, "आई, कुत्र्याच्या दवाखान्याचा बी विमा निघते. विमावाल्या भाऊले पाठवतो."

आता माझं विम्याचं ज्ञान ऐका. मागे आमच्या बकऱ्यांचा विमा योजनेत झाला होता. आम्ही पदरचं काही भरलं नव्हतं. एक बकरी मेली, पैसे आले. मग विमा कशाला म्हणायचं? पैसे येतात त्याला! चौथी शिकलेल्या बाईला एवढं पुरे.

भाऊ आले, खाटेवर बसले, कुत्रा काय काम करतो म्हणून विचारू लागले. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं. बैलबाजारात जनावर कसं दाखवायचं ते मला कोण शिकवणार? बिब्ब्याला मी सकाळीच तेल चोपडून ठेवलं होतं.

"रोज जंगलात जाते हा," मी म्हटलं. "अस्वलाले भीत नाई."

भाऊंनी मोबाइलवर बोटं फिरवली आणि एक आकडा सांगितला. एक पाठ, म्हणजे न व्यालेली बकरी, येईल एवढा. मी तोंड वाकडं केलं. पहिल्या बोलीला हो म्हणणारी मी नव्हे.

"इतकेच? मांडी पाहा त्याची."

मांडी पाहिली, आकडा चढला. मग मी रानडुकराचं सांगितलं, ते खरं होतं. बिबट्याचं सांगितलं, ते अर्धं खरं होतं. बिबट्या आला होता, पण बिब्बा खाटेखाली होता. आकडा बोकडाच्या पुढे गेला. शेजारची कांताबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, तसा मला आणखीच चेव आला.

भाऊ घाम पुसत म्हणाले, "बाई, खरंच इतक्याले तयार आहा?"

"तयार आहो," म्हटलं आणि हात पुढे केला. "द्या."

"काय द्या?"

"पैसे."

"बाई, हे तुमाले भरा लागते. दरवर्षी."

ओसरीवर नवरा विळ्याला धार लावत होता. ती धार थांबली. कांताबाईनं तर पदरच तोंडात कोंबला.

मग काय, मी उलटी फिरले. भित्रा आहे हो, मांजराला घाबरतो, असं सांगत बिबट्याच्या वेळचं खाटेखालचंही ओकून टाकलं. भाऊ म्हणाले, जंगलात जाणारा कुत्रा असेल तर हप्ता हाच. घरी राहणारा असेल तर चार कोंबड्यांत भागेल. पण खोटं निघालं, तर दवाखान्याच्या वेळी काही मिळणार नाही.

खोटं कशाला? मी तिथंच बिब्ब्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आजपासून हा जंगलात जाणार नाई."

शब्द म्हणजे शब्द. आता बिब्बा ओसरीवर पाय पसरून झोपतो. विमा काढलेला जीव, त्याला जपावं लागतं! आणि बिनविम्याची मी टोपली घेऊन एकटी जंगलात. पान वाजलं तरी वळून मागे पाहते.

परवा मोहाखाली वाकले होते, तर झुडूप जोरात हललं. म्हटलं, आलं अस्वल. मग काय केलं सांगू? भुंकले. चांगलं पोटातून, बिब्ब्यासारखं.

झुडपामागून कांताबाई निघाली. टोपली सावरत मला खालीवर पाहून म्हणाली, "जरा हळू वो बाई. असं भुंकशीन तं तुहा बी हप्ता वाढन."