पोटाखालचा पोचा

गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या त्या गृहस्थाला सारी गल्ली ‘घण्या’ म्हणत असे. तोंडाआधी त्याचा हात बोलत असे. शेजाऱ्याशी वाजले, त्याचे दार मोडले. गिऱ्हाइकाने कामाला नाक मुरडले, त्याचे नाक फुटले. धाकट्या बहिणीला तिचा नवरा मारतो असे कळले, त्या दिवशी त्याने मेहुण्याचा हात खांद्यातून निखळवला आणि बहिणीला आपल्या घरी आणले. त्या एका मारामारीबद्दल मात्र कुणीच त्याला नावे ठेवली नाहीत, उलट पाठ थोपटली. आणि तेव्हापासून त्याचे डोके अधिकच फिरले.

भावाच्या घरात बहीण अंग चोरून राहत असे. स्वतःची टॅक्सी चालवावी, वेगळी खोली घ्यावी आणि कुणाच्याही धाकाशिवाय दोन घास खावेत, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी तिने एक वापरलेली विजेवरची गाडी ठरवली. ताब्यात घेण्यापूर्वी नीट तपासता यावी म्हणून दलालाने ती घण्याच्याच गॅरेजमध्ये आणून खड्ड्यावर उभी केली.

तपासणी रीतसर सुरू झाली. बहीण चालकाच्या जागेवर बसून पडद्यावर बॅटरीची स्थिती पाहत होती. घण्या गाडीखालच्या खड्ड्यात उतरून दिवा फिरवत होता. बॅटरीच्या पेटीच्या तळाला, अगदी मध्यभागी, तळहाताएवढा पोचा होता.

तो वर आला तो थेट दलालाच्या गळ्यापाशी.

“हे काय आहे रे?”

“दगडबिगड लागला असेल, दादा. गाडी चालतेय ना?”

घण्याने कॉलर धरून त्याला खांबावर आपटले. ओठ फाटला, रक्त शर्टावर सांडले.

“दादा, सोड त्याला!” बहीण बंद काचेआडून ओरडली. “पोचा आहे ना? मग ही नको, दुसरी बघू. नाही म्हणायला तोंड पुरतं, हात कशाला?”

“दुसरी कशाला? हा पोचा मी आत्ता काढतो.”

“अहो, बॅटरी आहे ती!” दलाल रक्त थुंकत म्हणाला. “तिला ठोकायचं नसतं!”

“पत्रा तो पत्रा. मला शिकवतोस? तुझे दात जागेवर आहेत का ते बघ आधी.”

“दादा, नको म्हणतेय ना मी!”

तो खड्ड्यात उतरलाही होता. जन्मभर त्याने पोचे एकाच रीतीने काढले होते: कडेकडेने ठोकत जायचे, की ताण सुटून पत्रा मूळ जागी येतो. त्या पत्र्यामागे नेहमी पोकळी असे. इथे पत्र्यामागे काय भरले आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्याने कचकचून घाव घातले.

आत काहीतरी फुटले. साप फुत्कारावा तसा आवाज झाला, पांढरा धूर उसळला आणि त्यामागून ज्वाळा. बहीण उतरायला वळली, तोच गाडीची वीज गेली. दाराचे बटण दाबले तरी दार उघडेना. घण्या खड्ड्यातून उसळी मारून वर आला, हातोड्याने काच फोडली आणि तिला दंडाला धरून बाहेर ओढले. तिचा दंड काचेने चिरला. त्याचा तळवा भाजून निघाला. त्यांच्यामागे गाडी धडधडून पेटली.

अंगणात तिघे खोकत उभे राहिले.

“कुणी विचारलं तर सांग, आपोआप पेटली,” घण्या तिच्या कानाशी गुरगुरला.

बहिणीने दलालाकडे पाहिले. “खरं तेच सांगायचं. दादाने ठोकली. मी नको म्हणत होते.”

घण्याचा भाजलेला हात वर गेला.

तिने किंकाळी फोडली नाही, की ती मागे सरली नाही. डोळे मिटून तिने मान डावीकडे वळवली आणि तळहाताने कान झाकून घेतला, अगदी सराईतपणे. सासरी काय काय घडले ते घण्याने तिच्या तोंडून ऐकले होते. पाहिले नव्हते.

हात तसाच हवेत राहिला.

तिने डोळे उघडले. “तिथेही असंच होतं, दादा. फक्त हातोडा नव्हता.”

मग दंडावर रुमाल आवळून ती दलालाला म्हणाली, “चला, दवाखाना गाठू. तुमचा ओठ शिवायला हवा.” दोघे फाटकाबाहेर पडले.

घण्याने पाण्याची बादली उचलली आणि गाडीवर रिकामी केली. आग तशीच जळत राहिली.